फोटोतल्या बाईची सही

निवेदिता मंद्रुपकर आमच्या शाळेत वरिष्ठ लिपिक आहेत. मी त्याच शाळेत सतरा वर्षं मराठी शिकवते आहे, आणि त्यांच्या टेबलावरून माझा एकही कागद पहिल्या फेरीत पुढे गेलेला नाही. कधी तारीख राहिलेली असते, कधी सहीखाली नाव नसतं. "मॅडम, कागद आहे हा, गप्पा नव्हेत," असं म्हणून त्या तो परत करतात. आवाज न चढवता, पण परत करतातच.

ही बाई दर रविवारी सकाळी होटगी रोडला विमानतळाच्या भिंतीबाहेर कॅमेरा घेऊन उभी असते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. एका सोमवारी त्यांचं नाक उन्हानं सोललेलं दिसलं म्हणून मी विचारलं, तेव्हा बोलल्या.

त्यांचे वडील गोपाळराव शाळामास्तर. शिवाय गल्लीतल्या दत्तमंदिराची पूजा त्यांच्या घराण्याकडे. निवेदिता सात वर्षांची असताना कुणी मंत्री विमानानं येणार म्हणून गोपाळरावांनी तिला सायकलच्या दांड्यावर बसवून धावपट्टीकडे नेलं. मंत्री कोण होता हे आता दोघांनाही आठवत नाही. विमान उतरलं तेव्हा वडिलांनी सायकल धरायची सोडून हात जोडले आणि सायकल आडवी पडली, हे मात्र त्या अजून हसत सांगतात.

पुढं कितीतरी वर्षं त्या धावपट्टीवर यायचंच काय? निवडणुकीत हेलिकॉप्टर, कधी कुणा बड्याचं खासगी विमान. मध्ये एकदा प्रवासी विमान सुरू झालं आणि बंदही पडलं. निवेदिताबाईंनी जे आलं त्याचे फोटो काढले. सात रस्ता चौकाजवळ सिद्धू नावाच्या लग्नाच्या फोटोग्राफरचा स्टुडिओ आहे. त्याच्याकडून त्यांनी वापरलेला कॅमेरा घेतला, आणि लांबचं टिपणारी लेन्स हप्त्यावर. एकदा एका हवालदारानं हटकलं. त्यांनी आपली वही दाखवली. तारीख, वेळ, शेपटीवरची अक्षरं, वारा कुठल्या दिशेचा, सगळं सुवाच्य अक्षरात. हवालदार वही वाचत राहिला आणि शेवटी म्हणाला, "माझा पण एक काढा की."

विमानांच्या फोटोंची एक वेबसाइट आहे. जगभरचे हौशी लोक तिथं फोटो पाठवतात आणि तिथले परीक्षक ते तपासून घेतात किंवा परत करतात. निवेदिताबाईंचे पहिले एकोणीस फोटो परत आले. क्षितिज अर्ध्या अंशानं कललंय. तापलेल्या हवेनं विमान थरथरतंय. "सोलापुरात फेब्रुवारीनंतर सकाळी नऊलाच जमीन तापते," त्या मला म्हणाल्या. "विमान पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. पण ते लोक बरोबर आहेत. थरथरतंय ते थरथरतंयच." साऱ्या शाळेचे कागद परत करणाऱ्या बाईनं स्वतःचे एकोणीस फोटो परत घेतले आणि विसावा पाठवला. तो लागला.

मग सोलापूरची विमानसेवा पुन्हा सुरू झाली. दोन पंख्यांचं लहानसं विमान. नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्यांनी जो फोटो काढला, त्याची ही गोष्ट.

फोटोत वर विमान आहे, चाकं खाली सोडलेलं, इतकं खाली की पोटाखालचे खिळे मोजावेत. खाली पडीक रान, त्यात साठ-सत्तर मेंढरं, आणि मधोमध काठी घेऊन उभी एक धनगर बाई. गंमत अशी की विमान डोक्यावर असून ती वर बघतच नाही. वाकून एका मेंढीच्या पायाकडं बघते आहे. त्या वेबसाइटवर हा फोटो लागला तेव्हा कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी त्याखाली लिहिलं. निवेदिताबाईंनी मला शाळेच्या स्टोअररूममध्ये नेऊन मोबाइलवर ते सगळं वाचून दाखवलं. त्यांना इतकं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत पुण्याहून मेल आली. जाहिरात कंपनीतली ओवी नावाची मुलगी. फोटो फार आवडला, एका जाहिरातीसाठी हवा आहे, तीन हजार रुपये देऊ, सर्व हक्क कायमचे आमच्याकडे. सोबत एका पानाचा इंग्रजी करार.

"तीन हजार!" मी म्हटलं. "घ्या की."

त्यांनाही घ्यायचेच होते. उलट तेही जास्त वाटत होते. घरी गोपाळरावांनी ऐकलं तर म्हणाले, "हौसेचे पैसे घेतेस? आपल्याकडे पूजेचाही भाव कुणी केला नाही."

"दक्षिणा घेत होतात ना, बाबा?"

"ती देणाऱ्यानं ठरवायची."

म्हणून निवेदिताबाईंनी ओवीला 'आपण म्हणता ते मान्य' असं लिहायचं ठरवलं. पण करार वाचल्याशिवाय सही करणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी तो दोनदा वाचला आणि 'कायमचे' या अर्थाच्या शब्दापाशी अडल्या. संध्याकाळी मला बरोबर घेऊन सिद्धूच्या स्टुडिओत गेल्या.

सिद्धूनं कागद बघितला आणि कपाळावर हात मारला. "ओ मॅडम, फोटो विकायचा नसतो हो. भाड्यानं द्यायचा असतो. उद्या ह्यांनी हाच फोटो गुटख्याच्या पुडीवर लावला तर? तुम्हाला स्वतःच्या भिंतीवर लावायला ह्यांना विचारावं लागंल."

"मग काय विचारू त्यांना?"

"कुणासाठी पायजे ते विचारा. कुठं लावणार, केवढा लावणार, किती दिवस लावणार ते विचारा. आणि तेवढ्या दिवसांत दुसऱ्याला द्यायचा का नाही द्यायचा. ह्या सगळ्यावर भाव ठरतो. फोटो चांगला किती, ह्यावर कमीच ठरतो."

निवेदिताबाईंनी हे प्रश्न ओवीला पाठवले. उत्तर आलं: विमानतळाजवळ एक बांधकाम व्यावसायिक बंगल्यांचे प्लॉट पाडतो आहे, त्याच्यासाठी. शहरात सात होर्डिंग, माहितीपत्रक, एक वर्ष, आणि या काळात फोटो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

"सात होर्डिंग!" सिद्धू खुर्चीतून उठला. "चाळीस हजार सांगा."

निवेदिताबाईंच्या तोंडून 'चाळीस' निघेना. आम्ही तिथंच त्यांच्याकडून तालीम करून घेतली. सिद्धू ओवी झाला. "किती अपेक्षा आहे, ताई?" तो बारीक आवाजात विचारायचा, आणि त्या म्हणायच्या, "चाळीस... म्हणजे तुम्हाला जमत असेल तर..." सिद्धू म्हणायचा, "ते 'म्हणजे' काढा." चौथ्या वेळी निघालं.

खरोखरीच्या फोनवर ओवीनं घासाघीस केली आणि बत्तीस हजारांवर ठरलं. वर्षभराचा परवाना, सोलापूर जिल्ह्यापुरता, फोटोखाली नाव. करार नव्यानं लिहिला तेव्हा निवेदिताबाईंनी पाचवं कलम स्वतः घातलं: फोटोतलं काही काढायचं नाही, फोटोत काही घालायचं नाही. ती वेबसाइट असे फेरफार केलेले फोटो घेत नाही, आणि त्यांनाही ते पटलेलं होतं. सिद्धू हसला, "मी रोज लग्नाच्या फोटोतनं नको ती माणसं काढतो, मॅडम." ओवीनं एवढंच सांगितलं की विमानावरचं विमान कंपनीचं नाव पुसावं लागेल, नाहीतर त्यांची परवानगी लागते. तेवढी सूट कलमात घातली.

"आणि एक राहिलं, ताई," ओवी म्हणाली. "त्या मेंढीवाल्या बाईंचा चेहरा ओळखू येतो. जाहिरातीसाठी त्यांचं संमतिपत्र लागेल. मी फॉर्म पाठवते. तुमच्या ओळखीच्या असतील ना?"

फोन ठेवून निवेदिताबाईंनी मोबाइलवर तोच फोटो उघडला. मग मला म्हणाल्या, "तीन महिने जग माझं कौतुक करतंय. त्या बाईला मी फोटो दाखवलासुद्धा नाही. नावही माहीत नाही हो मला."

नाव होटगी रोडच्या चहाच्या टपरीवर मिळालं. टपरीवाला निंगप्पा म्हणाला, "केराबाई ती. संक्रांतीनंतर गेली की गावाकडं, मंगळवेढ्याच्या अंगाला. पोरगं धनाजी चिंचोळी एमआयडीसीत हाय. नंबर देतो."

धनाजीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं मंगळवेढ्याला गेलो. तिथून सीटवर माणसं भरून जाणाऱ्या वडापच्या जीपनं पुढं. निवेदिताबाईंनी पिशवीत संमतिपत्र घेतलं होतं. ओवीनं ते इंग्रजीत पाठवलं होतं. यांनी रात्रभर बसून त्याचं मराठी केलं होतं, आणि सहीशेजारी अंगठ्यासाठी चौकोन आखला होता.

ज्वारी निघालेल्या काळ्या रानात केराबाईंची मेंढरं बसली होती. भोवती जाळीचं कुंपण, बांबूच्या एका पालथ्या डालग्याखाली कोवळी कोकरं. केराबाई साठीच्या, उंच, कमरेत जराशा वाकलेल्या. धनाजीनं आम्हाला घोंगडं अंथरून दिलं आणि चहा ठेवला. निवेदिताबाईंनी मोठा करून आणलेला फोटो केराबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला. "आगं बया! ही तर लंगडी हाय की. हिला तवा काटा भरला हुता." मग एकेका मेंढीवर बोट ठेवत गेल्या. ही गाभण हुती. ही इकली. स्वतःकडं त्यांचं लक्ष सगळ्यात शेवटी गेलं. "ह्यो मी व्हय? पदर कसा झालाय बगा."

"वर विमान होतं, तुम्ही बघितलंच नाही," निवेदिताबाई म्हणाल्या.

"त्येला काय बगायचं? रोजच येतंय. जनावरं बुजत्यात, ती सांबाळायची का वर बगायचं?"

मग निवेदिताबाईंनी सगळं सांगितलं. फोटो एका कंपनीला वर्षभरासाठी द्यायचाय, विकायचा नाही, मुदत संपली की परत आपला. मला वाटलं, हे समजावायला वेळ लागेल. आम्हा दोघींना सिद्धूकडून समजून घ्यायला एक संध्याकाळ लागली होती. केराबाईंनी अर्ध्यातच मान हलवली.

"म्हंजी मेंढरं बसवल्यागत की. रान त्येंचं, मेंढरं आमची. खतासाटी चार राती बसवायची, ठरल्यालं घ्यायचं आन उटायचं. मेंढरं काय त्येंची हुत न्हाईत."

निवेदिताबाई बघतच राहिल्या. "अगदी तेच," त्या म्हणाल्या. "बत्तीस हजार मिळणार आहेत. निम्मे तुमचे." हे निम्म्याचं त्यांनी मला वाटेत सांगितलं नव्हतं.

धनाजी चहा गाळता गाळता थांबला. "सोळा हजार?"

"निम्मं कशापायी?" केराबाई म्हणाल्या. "म्या काय केलं?"

"तुम्ही नसता तर नुसतं विमान असतं. तसे माझ्याकडे दोनशे आहेत."

केराबाईंनी फोटो मांडीवर ठेवला. "आन लावायचा कशापायी त्यो?"

प्लॉटांच्या जाहिरातीसाठी, असं सांगून निवेदिताबाईंनी ओवीनं पाठवलेला माहितीपत्रकाचा नकाशा काढला. धनाजीनं तो बघितला, बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, "आये, ह्ये आपलंच रान हाय. फोटूतलं. तितंच पलाट पाडत्यात."

रान त्यांचं नव्हतंच. मालक शहरातला. गेली पाच-सहा वर्षं पाऊस उघडला की ही मेंढरं तिथं चरत होती इतकंच. केराबाईंना रान विकल्याचं ठाऊक होतं, पण नकाशा पहिल्यांदाच बघत होत्या. त्या उठल्या, डालगं उचलून एक कोकरू आईला पाजायला सोडलं, परत येऊन बसल्या.

"मालकानं इकलं, त्येचं हाय, इकू दे," त्या म्हणाल्या. "पर म्या तितं मोटी हुबी ऱ्हाऊन लोकांस्नी 'या, पलाट घ्या' म्हनायचं, आन मग मलाच म्हनायचं, ऊट हितनं. असं कसं?"

"आये, दे की अंगठा," धनाजी म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "तू न्हाय म्हनलीस म्हनून पलाट थांबायचेत का? मला म्हैन्याला बारा हजार मिळत्यात."

"थांबायचं न्हाईत, म्हाईत हाय मला. पैसं नकोत असं न्हाय रं. पर कुनाच्या रानात बसवायची ती मीच ठरवती का न्हाय? फवारल्याल्या रानात मी जात न्हाय, दुप्पट दिलं तरी. तसं हाय ह्ये."

धनाजीनं निवेदिताबाईंकडं बघितलं. त्या समजूत घालतील अशी त्याला आशा असावी. मलाही, खरं सांगायचं तर. पण त्यांनी संमतिपत्राची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "सही नाही म्हणजे नाही," त्या म्हणाल्या. कागद परत करतानाचाच तो आवाज होता, पण या वेळी परत घ्यायचा होता तो त्यांना स्वतःला.

निघताना केराबाई म्हणाल्या, "फोटू लई चांगला हाय पर. मला एक द्या."

"हाच ठेवा."

"ह्यो नगं. ह्यातलं इमान काडून द्या. घरात लावल्यावर डोस्क्यावर पडतंय असं वाटतंय."

निवेदिताबाई आधी दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी फोटोचा वरचा भाग छाटून, मेंढरं आणि केराबाई एवढाच फोटो मोठा करून, फ्रेम घालून धनाजीच्या हाती दिला. मी पाचव्या कलमाची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "काढलं नाही काही. कापलं. फरक आहे."

ओवीला त्यांनी फोन केला तो माझ्यासमोरच. ओवी गोड बोलली. "काही काळजी करू नका, ताई. त्यांची सही नसेल तर त्यांना काढून टाकू. कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम. तिथं एक फॅमिली उभी करू, मुलगा विमान बघतोय असं. पैसे तेच."

बत्तीस हजार पुरे. निम्मेसुद्धा द्यायचे नाहीत. मी त्यांच्याकडं बघत होते.

"पाचवं कलम वाचा," निवेदिताबाई म्हणाल्या.

"ताई, ते आपण बदलू शकतो ना? सही अजून झालेली नाही."

"बदलू शकतो. मी बदलणार नाही. त्या जागेवर त्या उभ्या होत्या. तुमची फॅमिली नव्हती."

ओवी हळूच म्हणाली, "मला कळतं, ताई. साहेबांना सांगते." आवाजावरून ती खरंच कळून बोलत होती असं मला वाटलं.

ठरलेला व्यवहार मोडला. चार दिवसांनी ओवीचाच पुन्हा फोन. माणसं नसलेला एखादा फोटो आहे का? होता. नुसतं विमान, खाली माळ, लांब पाण्याची टाकी. बारा हजार, तीच मुदत. निवेदिताबाईंनी दोन दिवस मागून घेतले आणि दिला.

मला ते आवडलं नाही, आणि मी बोलूनही दाखवलं. "शेवटी प्लॉटच विकायला दिलात ना?"

"दिला," त्या म्हणाल्या. "केराबाईंना त्यात उभं नाही केलं. माझं विमान मला देता येतं." मग म्हणाल्या, "मलाही पूर्ण बरं वाटत नाहीये, मॅडम. पण चांगला फोटो आहे, आणि मी त्याचा भाव केला. तोही 'म्हणजे' न म्हणता."

होर्डिंग लागलं तेव्हा आम्ही रिक्षातून बघितलं. कोपऱ्यात त्यांचं नाव होतं, मुंगीएवढं. गोपाळरावांना त्यांनी त्याचा फोटो दाखवला. म्हातारबुवांनी चष्मा पुसून नाव शोधलं आणि विचारलं, "दक्षिणा कोणी ठरवली?"

"मी."

"बरं झालं," ते म्हणाले.

उन्हाळ्यात बार्शीच्या एका जनावरांच्या पेंडीच्या दुकानदाराला दिनदर्शिकेसाठी मेंढरांचा फोटो हवा होता. निवेदिताबाईंनी भाव सांगण्याआधी धनाजीला फोन लावला. केराबाईंनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. पेंडीला त्यांची हरकत नव्हती. सहा हजार आले, तीन तीन वाटून घेतले. यात फोटो विमानासकट होता. दुकानदाराला विमानाचं कौतुक.

त्या साली पाऊस लांबला. मेंढरं सोलापूरच्या अंगाला आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. जुन्या रानात दगड रोवले होते, तारेचं कुंपण होतं. केराबाई रस्त्याच्या पलीकडं, कुंभारीच्या वाटेवर नवीन जागा धरून होत्या. एका रविवारी मीही निवेदिताबाईंबरोबर गेले. त्यांनी गळ्यातला कॅमेरा नुसता हातात घेतला, तोच केराबाईंनी लांबून काठी वर केली.

"आदी इचारा की, बाई!"

"काढू का?"

"कशापायी?"

"अजून काही ठरलं नाही."

केराबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "मग काडा. पर कुनाला द्यायच्या आदी मला दावायचा."

"दाखवीन," निवेदिताबाई म्हणाल्या.